पंचबीज आणि आषाढातील अरण्य

विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाची जी उत्पत्तिकथा आली आहे, ती वाचकांना परिचित आहे. पावसाळ्यातही भिक्खू गावोगाव फिरत असत. हे श्रमण हिरवे गवत तुडवितात, एकेंद्रिय जीवाला पीडा देतात आणि लहानसहान प्राण्यांचा घात करतात, अशी तक्रार लोक करू लागले. ती भगवंतांच्या कानी गेली व तीन महिने एका ठिकाणी वास करण्याची अनुज्ञा देण्यात आली. या कथेवर बोलताना किडामुंगीचा उल्लेख सर्वजण करतात, परंतु लोकांच्या तक्रारीत पहिले स्थान होते ते हिरव्या गवताला. ते तसे का असावे, हे आम्हांस ग्रंथालयात बसून कधी नीट उमगले नव्हते. आषाढात नागभीडहून ब्रह्मपुरीकडे आणि तेथून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या अरण्यात पायी फिरण्याचा योग आला, तेव्हा ते उमगले. वैशाखात जी जमीन करपलेली, पाचोळ्याने झाकलेली दिसते, तीच पहिल्या दोन-तीन पावसांनंतर अशी काही अंकुरते, की पाऊल कोठे टाकावे हा खरोखरच प्रश्न पडतो.

बी रुजते म्हणजे नेमके काय होते, हे या लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी झाडीपट्टीतील प्रत्येक घराला ठाऊक असलेल्या धानापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

पऱ्हे टाकण्यापूर्वी शेतकरी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पाहतो. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, हे प्रमाण कृषिखात्याने सांगितलेले आहे. पोचट दाणे वर तरंगतात, भरलेले तळाशी जातात. तळचे दाणे स्वच्छ पाण्याने धुऊन घेतात. मोड आणून पेरावयाचे असेल, तर एक दिवसभर भिजवितात, पाणी निथळून टाकतात आणि ओल्या पोत्यात बांधून वर तणस झाकून ठेवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोत्यात हात घातला, तर आत ऊब लागते. दाण्यांना पांढरे मोड आलेले असतात.

या दोन-तीन दिवसांत पुष्कळ काही घडलेले असते. साठविलेल्या धानात पाण्याचा अंश शंभरात बारा-तेराच असतो. इतक्या कोरडेपणात जीवनव्यापार जवळजवळ थांबलेला असतो, म्हणूनच दाणा वर्षभर कणगीत टिकतो. भिजविल्यावर तो पाणी शोषून फुगतो. हे फुगणे मात्र जिवंतपणाचे लक्षण नव्हे. मेलेले बीही पाण्यात तितकेच फुगते, कारण ते केवळ कोरड्या पदार्थाने पाणी ओढून घेणे आहे. जिवंत बियाचे वेगळेपण त्यानंतर कळते. दाण्याच्या एका टोकाला, ज्याला आपण तांदळाचा 'डोळा' समजतो तेथे, भ्रूण असतो. पाणी मिळताच तो जागा होतो आणि जिबरेलिन नावाचे एक द्रव्य सोडतो. ते द्रव्य दाण्याच्या कोंड्याखालील पातळ थरापर्यंत पोहोचले, की तो थर पिष्ट विरघळविणारी विकरे तयार करू लागतो. त्यांच्या योगे तांदळाच्या पांढऱ्या भागातील पिष्टाची साखर होते व भ्रूण त्या साखरेवर पोसला जातो. मोड आलेल्या धान्याला गोडसर चव येते ती यामुळेच. (या जिबरेलिनचा शोधही भातशेतीतच लागला. जपानात एका बुरशीच्या रोगाने भाताची रोपे विनाकारण उंच वाढून कोलमडत. त्या बुरशीच्या स्रावातच हे द्रव्य आहे, असे कुरोसावा या संशोधकाने १९२६ मध्ये दाखविले. झाड स्वतःही तेच द्रव्य अल्प प्रमाणात बनवीत असते, हे पुढे कळले.)

साखर जाळावयाची तर प्राणवायू हवा. पोत्यातील ऊब ही या श्वसनाचीच ऊब होय. ढीग फार मोठा केला व खालीवर केला नाही, तर याच उष्णतेने मोड मरतात, हे जाणती माणसे सांगतात. पाणी निथळून टाकण्याचे कारणही हेच. धान तसे चिवट असते. इतर बहुतेक बिया पाण्यात बुडाल्या तर गुदमरून कुजतात, धान मात्र पाण्याखालीही कोंब काढते. परंतु तेव्हा कोंबच लांबत जातो आणि मूळ मागे राहते. जणू काही त्याला प्रथम हवेपर्यंत पोहोचावयाचे असते. हवा मिळाली की मूळ खाली व कोंब वर अशी रीतसर वाढ सुरू होते. मुळाच्या टोकाशी असलेल्या टोपीतील काही पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते तळाशी बसतात आणि त्यावरून 'खाली' कोणते हे मुळाला कळते. दाणा उलटा पडला तरी मूळ वळून जमिनीकडेच जाते, ते असे.

आता संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गातील बीजसुत्ताकडे वळू. भगवंतांनी तेथे भिक्खूंना बियांचा दृष्टान्त दिला आहे. बिया अखंड, न कुजलेल्या, वारा-उन्हाने न बिघडलेल्या, सार असलेल्या व नीट ठेवलेल्या असल्या, पण माती व पाणी नसेल, तर त्या वाढतील काय? नाही. माती व पाणी असेल, पण बिया फुटक्या-कुजक्या असतील तर? तरीही नाही. दोन्ही असतील तरच. मिठाच्या पाण्यातील परीक्षा ही या 'सारदान' शब्दाचीच परीक्षा आहे, असे आम्हांस वाटते. महायान परंपरेतील शालिस्तम्बसूत्राने हाच विचार पुढे नेला. भाताच्या अंकुराला पृथ्वी, पाणी, तेज, वायू, आकाश आणि ऋतू असे सहा प्रत्यय लागतात, असे ते सांगते. पोत्यातील उबेत हात घातलेल्या माणसाला 'तेज' आणि 'वायू' यांची नावे तेथे का आली, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अंकुर मी निर्माण करतो असे बीजाला वाटत नाही आणि बीजाने मला निर्माण केले असे अंकुरालाही वाटत नाही, हाही त्या सूत्राचा मुद्दा आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ऋतुनियमाबरोबर बीजनियमाचा उल्लेख केला आहे, तो याच अर्थाने: हा निसर्गाचा क्रम आहे, त्यामागे कोणी कर्ता नाही.

येथे थोडे विषयांतर वाटेल असे बोलावे लागेल. या देशात बीजाविषयीचा दुसराही एक विचार चालत आला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र, असा वाद मांडला आहे. बीज म्हणजे पुरुष, क्षेत्र म्हणजे स्त्री, आणि झुकते माप बीजाला. जे पेराल तेच उगवते, जमीन कोणतीही असो, असा तो युक्तिवाद आहे. जन्मावरून माणसाची योग्यता ठरविणाऱ्या व्यवस्थेला हा दृष्टान्त फार सोयीचा होता. 'खाण तशी माती' म्हणणारे आजही भेटतात. मूळ दृष्टान्तच शेतीच्या दृष्टीने चुकीचा आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. बी ही पित्याची वस्तू नव्हेच. फुलातील बीजांड मातेचे असते. परागकणातून येतो तो पित्याचा अंश. दोहोंच्या संयोगानंतर त्या बीजांडाचे बी होते. बियावरचे आवरण संपूर्णपणे मातृवृक्षाचे असते. भ्रूणात दोघांचा सारखा वाटा असतो. तांदळाचा जो पांढरा भाग आपण शिजवून खातो, त्यात मातेचे दोन वाटे व पित्याचा एक असतो. म्हणजे ज्याला 'बीज' म्हणून क्षेत्राच्या विरुद्ध उभे केले, त्याच्या आत क्षेत्र अगोदरच शिरलेले आहे. बीजाला स्वतंत्र, एकरस, स्वयंभू मानणे हे आत्मवादाचेच एक रूप आहे, आणि दाणा फोडून पाहिला तर ते टिकत नाही.

धानात बहुधा एकाच फुलातील पराग त्याच फुलाला मिळतो, म्हणून तेथे माता व पिता एकच रोप असते आणि पिढ्यान्‌पिढ्या वाण सारखे उतरते. तरीही क्वचित एखादी लोंबी वेगळी निघते. नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या शेतात अशाच काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. शेकडो लोंब्यांत दोन-तीन निराळ्या दिसणे, ही नजरच दुर्मिळ. शाळा त्यांना फारशी लाभली नव्हती. त्यांनी ते दाणे घरच्या धानात मिसळू दिले नाहीत. वेगळे जपले, पुढच्या हंगामात शेतातच निराळे पेरले, आणि शेत अरण्यालगत असल्याने रानडुकरांपासून वाचविण्यासाठी त्यावर काटेरी फांद्या टाकल्या. वर्षामागून वर्षे तीच निवड केली. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला, त्याला १९९० च्या सुमारास एका व्यापाऱ्याने त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव दिले. आज हे नाव विदर्भाबाहेरही घरोघरी आहे. दादाजींनी पुढे आणखीही वाणे काढली. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेगळ्या लोंबीतील दाण्यांत गुण होताच. परंतु तो गुण ओळखणारी नजर, निराळी ठेवलेली जागा आणि काटेरी फांद्या हेही प्रत्ययच होते. ते नसते तर तोच दाणा त्याच वर्षी कोणाच्या तरी भाताच्या पातेल्यात गेला असता.

बीजसुत्तात 'पाच प्रकारची बीजे' असा उल्लेख येतो. त्यांची फोड भिक्खुपातिमोक्खातील भूतगामविषयक पाचित्तियाच्या विवेचनात सापडते. आळवीच्या भिक्खूंनी झाडे तोडली, त्यावरून तो नियम घालण्यात आला. तेथे मूलबीज, खन्धबीज, फळुबीज, अग्गबीज व बीजबीज असे पाच वर्ग केले आहेत. हळद-आले मुळापासून होतात, काही झाडे खोड वा फांदीपासून, ऊस-वेळू पेरापासून, काही सुगंधी वनस्पती शेंड्यापासून; धान्ये व कडधान्ये तेवढी बीपासून. आधुनिक वनस्पतिशास्त्र यांपैकी पाचव्यालाच खरे बी म्हणेल व उरलेल्या चारांना शाकीय वाढ म्हणेल. तरी हे वर्गीकरण करणाऱ्यांची दृष्टी शेतकऱ्याची होती, पुस्तकी पंडिताची नव्हे.

यात दोन नावे आम्हांस दीर्घकाळ कोड्यात टाकीत आली. अस्सत्थ, म्हणजे पिंपळ, तो खन्धबीजात का? आणि वेळू फळुबीजात का? दोघांनाही खरे बी असते.

पिंपळाचे फळ फोडले तर आत खसखशीहूनही बारीक बिया दिसतात. त्या जमिनीवर पडून रुजताना सहसा कोणी पाहत नाही. वड-पिंपळाच्या कुळातील बारीक बियांना रुजण्यासाठी बहुधा उजेड लागतो, कारण त्यांच्या पोटी शिदोरी इतकी थोडी, की मातीखाली खोल पडल्यास वर येईपर्यंत ती पुरत नाही. साळुंक्या, बुलबुल, वटवाघळे ही फळे खातात व त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या भेगेत, छपराच्या कडेला, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात जाऊन पडते. तेथे उजेड, चिमूटभर माती आणि पावसाची ओल तिन्ही मिळतात. गोंड राजांनी बांधलेल्या चंद्रपूरच्या परकोटावर वाढलेली झाडे ज्यांनी पाहिली, त्यांना याचा पुरावा वेगळा नको. २०१७ पासून स्थानिक तरुणांनी श्रमदानाने तो परकोट स्वच्छ केला, तेव्हा भिंतीत मुरलेली मुळे काढणे हेच मोठे काम होते. भिंतीतील रोपाचे बी कोणी पेरलेले नसते, म्हणून ते कोणाला दिसत नाही. माणसाने लावलेला पिंपळ बहुधा फांदीपासून किंवा उपटून आणलेल्या रोपापासून लावलेला असतो. संघमित्रेने अनुराधपूरला नेली तीही बोधिवृक्षाची शाखाच होती. यातील भेद सूक्ष्म आहे. शाखेपासून वाढलेले झाड हे त्याच झाडाचे सातत्य असते, बीपासून आलेले झाड नवा संयोग असते. परंपरेने शाखा निवडली, त्यामागे हे ज्ञान असावे असे अनुमान करण्यास हरकत नाही.

वेळूचे कारण आणखी रंजक आहे. त्याचे बी एका माणसाच्या आयुष्यात जेमतेम एकदा-दोनदा दिसते. आपल्या अरण्यातील मानवेल आणि कटांग हे दोन्ही बांबू कित्येक दशके केवळ जमिनीखालील कंदापासून नवे कोंब काढीत राहतात. मग एका हंगामात मोठ्या प्रदेशातील बेटे एकदम फुलतात, तांदळासारखे बी धरतात आणि वाळून मरतात. विनयकारांना वेळू पेरापासून होतो असे वाटले, यात नवल नाही. चाळीस वर्षांत एकोणचाळीस वर्षे ते खरेच आहे. बी पडले की पहिल्याच पावसात ते भराभर रुजते. पहिली काही वर्षे ते रोप गवतासारखेच दिसते. जाडजूड काठ्या धरणारे बेट होण्यास अनेक वर्षे लागतात. दरम्यान वर मेलेल्या बांबूचे वाळके रान उभे असते आणि एकच वणवा त्या सगळ्या पिढीला पुरेसा असतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. बांबूच्या विक्रीच्या संदर्भात या घटनेची चर्चा पुष्कळ झाली. परंतु बेट फुलल्यानंतरच्या त्या पाच-सात उन्हाळ्यांत आग कोण अडविणार व गुरे कोण वळविणार, याचा निर्णय कोणाच्या हाती आहे, याच्याशीही तिचा तितकाच संबंध आहे.

आता या अरण्यातील दोन मोठी झाडे. दोन्ही बीजबीजातच मोडतील, पण त्यांची रीत परस्परविरुद्ध आहे.

आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे. सागाचे फळ म्हणजे फुग्यासारख्या कागदी आवरणातील एक कठीण गोळी. आत चार कप्पे असतात, पण बी बहुधा एक वा दोनच. ते पेरले तर लगेच उगवत नाही. काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्याहूनही उशिरा. कवच टणक, आणि बी सुप्तावस्थेत. रोपवाटिकेतील मजूर ही फळे पाण्यात भिजवितात, मग उन्हात वाळवितात, पुन्हा भिजवितात, पुन्हा वाळवितात. असे आठवडा-दोन आठवडे चालते. अरण्यात जे काम एक-दोन वर्षांचे ऊन-पाऊस करतात, ते येथे थोड्या दिवसांत उरकले जाते. उगवलेली रोपे वर्षभर वाढवून, मूळ व खोड छाटून, त्यांच्या 'जड्या' करून लावतात. सागाचे बी वाट पाहू शकते. एक पावसाळा चुकला तरी त्याचे फारसे बिघडत नाही.

मोहाचे तसे नाही. चैत्रात फुले गळतात, ज्येष्ठ-आषाढात फळे पिकतात आणि बी, ज्याला इकडे टोळ म्हणतात, नेमके पाऊस सुरू होताना जमिनीवर येते. ते तेलकट, ओलसर, पातळ सालीचे असते. त्याला कोरडे पडणे सोसत नाही. काही आठवड्यांतच त्याची रुजण्याची शक्ती जाते. सागाप्रमाणे त्याला भांडारात ठेवून पुढच्या वर्षी पेरण्याची सोय नाही. पडल्या जागी, त्याच पावसात रुजावे, खोल सोटमूळ खाली सोडावे, आणि येणाऱ्या उन्हाळ्यापर्यंत जमिनीत जम बसवावा, एवढाच त्याचा मार्ग.

या मार्गात आज तीन अडथळे आहेत. टोळ वेचून त्याचे तेल काढतात. ते गरिबाच्या घरचे तेल आहे व त्यावर कोणी बोट ठेवू नये. पावसाळ्यात गुरे मोकळी चरतात. तिसरा अडथळा उन्हाळ्यात येतो: फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. गेल्या पावसाळ्यात रुजलेले वीतभर रोप, जे गुरांच्या तोंडून वाचले, ते त्या आगीत जाते. मोहाच्या जुन्या वृक्षाला त्या धगीने काही होत नाही, म्हणून झाड जळाले असे कोणी म्हणत नाही. आम्ही पाहिलेल्या कित्येक मोहांखाली चाळीस-पन्नास पावलांच्या परिघात त्याच जातीचे गुडघ्याएवढे एकही रोप नव्हते. झाडे सगळी आजोबांच्या काळातील, नातवांची पिढी नाहीच.

काही गावांनी फुलांसाठी झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी बांधण्यास आरंभ केला आहे. फूल त्यावर पडते, मातीने मळत नाही, आणि पाचोळा पेटविण्याचे कारण उरत नाही. स्वच्छ फुलाला भावही बरा मिळतो, असे वेचणाऱ्या बाया सांगतात. धानोऱ्याच्या वाटेवर एका म्हाताऱ्या बाईने आम्हांस अशा झाडाखाली नेऊन दाखविले. सड्याच्या मधोमध चार काठ्या रोवून त्यांवर बोरीच्या फांद्या टाकल्या होत्या. आत मोहाची पाच रोपे होती, चार-सहा पानांची. टोळ वेचताना मुद्दाम मागे ठेवलेल्यांपैकी ती होती. एका रोपाच्या बुंध्याशी फुटलेल्या बियाची तपकिरी साल अजून चिकटलेली होती.